नागरिकत्वाचा अर्ज आणि घरसंसार

नागरिकत्व ही बहुसंख्य भारतीयांना न मागता लाभलेली गोष्ट आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकृत झाली, आणि तिची नागरिकत्वविषयक कलमे त्याच दिवशी अमलात आली. बाकीची घटना लागू होण्यास २६ जानेवारी १९५० उजाडावे लागले. त्या दिवशी या भूमीत जन्मलेल्या आणि येथेच वस्ती असलेल्या कोट्यवधी माणसांना नागरिकत्व मिळाले. त्यासाठी कोणी कचेरीत खेटे घातले नाहीत, कोणी रजा काढली नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि पुढच्याच वर्षी निघालेल्या एका आदेशाने गोमंतकीयांच्या घरी नागरिकत्व असेच चालत आले. ज्यांना ते नको होते, त्यांनी तसे लेखी कळवावयाचे होते. बाकीच्यांनी काहीही करावयाचे नव्हते.

ज्याला नागरिकत्व अर्ज करून मिळवावे लागते, त्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते. त्याच्यापुढे वर्षानुवर्षांचा हिशेब येतो, कागदांचा ढीग येतो आणि प्रतीक्षा येते. कायद्याच्या दृष्टीने अर्जदार एकच असतो. सही त्याची, छायाचित्र त्याचे, शपथही त्याचीच. वस्तुतः हा अर्ज सगळे घर मिळून करीत असते. पतीची बदली, सासूचे आजारपण, मुलाची परीक्षा, परदेशी असलेल्या आईवडिलांचे वार्धक्य या साऱ्यांना त्या एका अर्जाच्या वेळापत्रकात जागा करून द्यावी लागते. हे ज्या घराने आधी ओळखले, त्याचा अर्ज सुकर होतो. ज्याने ओळखले नाही, त्याच्यावर अगदी शेवटच्या टप्प्यावर पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभे राहण्याची वेळ येते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. भारतात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे १९५५ चा नागरिकत्व अधिनियम. त्यात आजवर अनेक दुरुस्त्या झाल्या असल्या, तरी अर्ज करणाऱ्यासाठी मुख्य वाटा दोनच आहेत. पहिली नोंदणीची. भारतीय नागरिकाशी विवाह केलेली व्यक्ती, किंवा मूळची भारतीय वंशाची व्यक्ती, सात वर्षांच्या वास्तव्यानंतर या वाटेने जाऊ शकते. दुसरी वाट देशीयकरणाची, म्हणजे परक्या माणसाने दीर्घ निवासाच्या बळावर या देशाचे होण्याची. विवाहाने नागरिकत्व आपोआप मिळते, असा एक समज आपल्याकडे पुष्कळ घरांत आढळतो. तो साफ चुकीचा आहे. परदेशातून आलेली सून लग्नाच्या दिवशी घरची होते. देशाची होण्यासाठी तिला अर्जच करावा लागतो.

सात वर्षे म्हणजे नेमके काय, याची कायद्याने काळजीपूर्वक व्याख्या केलेली आहे. अर्ज करण्यापूर्वीचे सलग बारा महिने अर्जदाराचे वास्तव्य भारतात असले पाहिजे. त्या बारा महिन्यांच्या आधीची जी आठ वर्षे, त्यांत सर्व मिळून किमान सहा वर्षे तो भारतात राहिलेला असला पाहिजे. देशीयकरणाच्या वाटेने जाणाऱ्याला हेच प्रमाण अधिक कडक आहे: बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून किमान अकरा वर्षे.

हे आकडे ऐकताना रुक्ष वाटतात. परंतु घरात आणून मांडले की त्यांचा अर्थ उमगतो. नाशिकमधील एक कल्पित कुटुंब घेऊ. पती सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो, पत्नी इंग्लंडातून आलेली आहे, मुलगा शाळेत जातो, आणि घरात वृद्ध सासू आहे. पत्नी दरवर्षी माहेरी जाते. ती साठ दिवस जात असेल, तर वर्षाचे ३०५ दिवस भारतात पडतात. या गतीने सहा वर्षांचे दिवस भरावयास तिला सात वर्षे आणि सुमारे दोन महिने लागतील. ती दरवर्षी बरोबर तीन महिने माहेरी राहात असेल, तर आठ वर्षांत बरोबर सहा वर्षे उरतात. त्याहून काही दिवस अधिक झाले की हिशेब तुटलाच म्हणून समजावे. या आठ वर्षांच्या हिशेबात अर्जापूर्वीचे बारा महिने धरलेले नाहीत. ते वेगळे आणि अखंड द्यावयाचे आहेत. देशीयकरणाच्या अर्जदाराला चौदा वर्षांत तीन वर्षांची मोकळीक मिळते, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठ्याहत्तर दिवस. माहेरची ओढ, भावाचे लग्न, बहिणीचे बाळंतपण या सगळ्यांना त्या अठ्ठ्याहत्तर दिवसांत बसवावे लागते.

म्हणून पहिली आवश्यक वस्तू म्हणजे एक साधी वही. भारतात आल्याचा दिवस, गेल्याचा दिवस, विमानतळाचे नाव आणि पासपोर्टाच्या कोणत्या पानावर शिक्का आहे ते पान, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक प्रवासानंतर लगेच तीत लिहून ठेवाव्यात. शिक्के पुसट होतात, पासपोर्ट मुदत संपून बदलतात, आणि सात वर्षांनंतर एखादी तारीख आठवणीवर विसंबून लिहिणे धोक्याचे असते. जुने पासपोर्ट कधीही टाकून देऊ नयेत. व्हिसाचे आणि निवासी परवान्याचे प्रत्येक नूतनीकरणही त्याच वहीत यावे; कारण वास्तव्य नुसते असून भागत नाही, ते कायदेशीर असावे लागते, आणि परवान्यात पडलेला खंड पुढे प्रश्न निर्माण करतो.

सर्वांत कठीण काळ अर्जापूर्वीच्या त्या बारा महिन्यांचा. या वर्षात अर्जदाराने देश सोडावयाचा नाही. परंतु मृत्यू आणि आजारपण हे कायद्याला विचारून येत नाहीत. दूरदेशी वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप अकराव्या महिन्यात आला, तर त्या मुलीने काय करावे? पूर्वी या प्रश्नाला कायद्यात फारसे उत्तर नव्हते. २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने ते दिले. विशेष परिस्थिती असल्याची केंद्र सरकारची खात्री झाली, तर कारणे लेखी नोंदवून बारा महिन्यांच्या अटीत जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देता येते, आणि हे तीस दिवस निरनिराळ्या खंडांत विभागलेले असले तरी चालतात. ही सवलत माणुसकीची आहे. तरी तो हक्क नव्हे. सरकारची खात्री पटविण्याचा भार अर्जदारावर असतो. रुग्णालयाचे पत्र, मृत्यूचा दाखला, प्रवासाची तिकिटे हे सारे दुःखाच्या घटकेतही जपून ठेवणे भाग पडते. त्या वेळी हे काम स्वतः अर्जदाराने करावे अशी अपेक्षा धरू नये. ते घरातील दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यावे.

यावरून एक व्यवहारी नियम निघतो. बाराव्या महिन्याची तारीख कोणती धरावयाची हे अर्जदाराने एकट्याने ठरवू नये. परदेशातील आईवडिलांची प्रकृती, त्यांच्या नियोजित शस्त्रक्रिया, भावंडांची लग्ने यांचा आढावा घेऊन, एक दीर्घ भेट आधी उरकून, मगच ते वर्ष सुरू करावे. शक्य असेल तर त्या वर्षात आईवडिलांनाच येथे बोलवावे. त्यांचे येणे हिशेबात मोडत नाही. मुलीचे जाणे मोडते.

आता नोकरीचा विचार करू. ज्याच्या कामात परदेशी फेऱ्या असतात, त्याने आपल्या वरिष्ठांना ही गोष्ट वर्षभर आधी आणि लेखी कळविली पाहिजे. अर्ज करावयाचा आहे हे सांगण्याचा पुष्कळांना संकोच वाटतो. आपल्याला अस्थिर समजतील की काय अशी शंका येते. परंतु ऐन वेळी परदेशदौरा नाकारण्यापेक्षा आधी सांगणे उभयपक्षी सोयीचे असते. नोकरीसाठीच्या व्हिसावर जो राहात असेल, त्याने काम बदलताना अधिक जपले पाहिजे. कारण असा व्हिसा विशिष्ट मालकाशी निगडित असतो, आणि एक नोकरी सुटून दुसरी लागेपर्यंतच्या काळात परवान्याचे काय होते याची विचारणा परकीय नागरिक नोंदणी कार्यालयात आधी करावी लागते. शिवाय चौकशीसाठी बोलावणे येते ते बहुधा कामाच्या दिवशी. चौकशीचा माणूस घरी येतो तेव्हा नवरा पाळीवर आणि बायको शाळेत, असा प्रसंग सहज घडतो. म्हणून काही रजा या कामासाठी राखून ठेवावी, आणि घरी असणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला कागद कोठे आहेत व काय विचारले जाऊ शकते याची पूर्ण माहिती देऊन ठेवावी. सासूबाईंनी सुनेची जन्मतारीख अचूक सांगितली, तर ते पुष्कळ दाखल्यांच्या तोडीचे काम करते.

कागदपत्रांच्या बाबतीत महाराष्ट्रातील घरांना एक खास अडचण येते. आपल्याकडे लग्नानंतर वधूचे नाव बदलण्याची रीत आहे. परदेशी सूनही मोठ्या हौसेने नवे नाव घेते, मधले नाव पतीचे लावते. मग रेशनकार्डावर एक नाव, बँकेत दुसरे, आणि पासपोर्टावर जन्माचे तिसरे अशी स्थिती होते. घरात प्रेमाने मिळालेले नाव कचेरीत वेगळ्या व्यक्तीचे ठरते. अर्जात पासपोर्टावरील नाव चालते. म्हणून पहिल्या दिवसापासून सर्व सरकारी कागदांवर तेच नाव असू द्यावे, किंवा बदल करावयाचा झाल्यास तो रीतसर राजपत्रात प्रसिद्ध करून सर्वत्र एकदम करावा. विवाहाची नोंदणी हाही असाच महत्त्वाचा मुद्दा. मांडवात शेकडो साक्षीदार असले, तरी कचेरीला नोंदणीचा दाखलाच लागतो.

राहत्या घराचा पुरावाही कमी त्रासाचा नसतो. मुंबई-पुण्याकडे भाड्याच्या घराचे करार बहुधा अकरा महिन्यांचे होतात. सात वर्षे भाड्याच्या घरांत काढलेल्या कुटुंबाजवळ असे सात-आठ करार असावयास हवेत, आणि त्यांच्यामध्ये पोकळ महिने राहू नयेत. जुना करार संपला की तो निरुपयोगी झाला असे समजून आपण तो रद्दीत टाकतो. नागरिकत्वाच्या अर्जात मात्र नेमका तोच कागद उपयोगी पडतो.

देशीयकरणाच्या वाटेवर आणखी एक अट आहे, आणि ती ऐकून मराठी श्रोत्यांना समाधान वाटेल. घटनेच्या आठव्या अनुसूचीत ज्या बावीस भाषा आहेत, त्यांपैकी एकीचे पुरेसे ज्ञान अर्जदाराला असले पाहिजे. हिंदीच हवी अशी सक्ती नाही. मराठी चालते, १९९२ पासून अनुसूचीत असलेली कोकणीही चालते. साताऱ्यात वा सावंतवाडीत राहणारा परदेशी माणूस तेथील लोकांच्या भाषेच्या आधारावरच भारताचा नागरिक होऊ शकतो. या ज्ञानाचे दाखले अर्जासोबत जोडावे लागतात. दोन भारतीय नागरिकांनी अर्जदाराच्या चारित्र्याविषयी प्रतिज्ञापत्रे करून द्यावी लागतात, आणि नागरिकत्व घेण्याचा आपला मनोदय वृत्तपत्रांत प्रसिद्ध करून त्यांची कात्रणे द्यावी लागतात. या तिन्ही गोष्टींमागे एकच विचार आहे: ज्या समाजात हा माणूस सामील होऊ इच्छितो, त्या समाजाला तो माहीत असावा. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळणे, बाजारात मराठीत बोलणे, मुलाच्या शाळेतील सभांना जाणे हीदेखील या अर्जाची पूर्वतयारीच होय.

अर्ज आज संगणकाद्वारे भरला जातो. कागदपत्रांची छाननी मात्र जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी साठ दिवसांच्या आत आपल्या अहवालासह अर्ज राज्य शासनाकडे, आणि राज्य शासनाने तीस दिवसांच्या आत तो केंद्र सरकारकडे धाडावयाचा असतो. त्याबरोबर सुरक्षा यंत्रणांची चौकशी चालते. या सर्वांस प्रत्यक्षात किती काळ लागेल हे आधी सांगता येत नाही, आणि अनिश्चिततेचा हा काळच घराला अधिक जाचतो. या काळात पत्ता बदलला, नोकरी बदलली, मूल झाले, तर ते कळविले पाहिजे. घर बदलावयाचेच असेल, आणि विशेषतः जिल्हा बदलणार असेल, तर अर्जापूर्वी बदलावे. कारण अर्ज एका जिल्ह्यात आणि माणूस दुसऱ्यात असला की चौकशीचे कागद दोन कचेऱ्यांमध्ये फिरत राहतात.

यानंतर येतो तो टप्पा अत्यंत नाजूक असतो. अर्ज मान्य करण्यास सरकार तयार असल्याचे पत्र मिळते, आणि अर्जदाराला आपल्या पूर्वीच्या नागरिकत्वाचा त्याग केल्याचा पुरावा द्यावा लागतो. कारण भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. पहिले सोडले आहे आणि दुसरे अद्याप हाती आलेले नाही, अशा उंबरठ्यावर तो काही काळ उभा असतो. या काळात परदेशी प्रवास जवळजवळ अशक्य होतो. निरनिराळ्या देशांचे याबाबतीतले नियम निरनिराळे आहेत. ब्रिटनच्या कायद्यात अशी तरतूद आहे की, त्याग नोंदविल्यापासून सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व मिळाले नाही, तर ती व्यक्ती ब्रिटिश नागरिकच राहिली होती असे मानले जाते. ही तरतूद माणसाला निराधार होऊ देत नाही; परंतु सहा महिन्यांची मर्यादा ओलांडली की सारे पुन्हा करावे लागते. अमेरिकेच्या नागरिकाला परदेशातील अमेरिकन वकिलातीतील अधिकाऱ्यापुढे स्वतः उभे राहून त्याग करावा लागतो. पाकिस्तानच्या कायद्यात एकवीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी त्याग करता येत नाही. त्यामुळे पासपोर्ट परत दिला तरी त्यागाचा दाखला मिळत नाही, असा पेच तरुण अर्जदारांपुढे उभा राहिला आहे, आणि तो केरळच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. सारांश, आपल्या पहिल्या देशाचा त्यागविषयक नियम अर्ज करण्यापूर्वीच वाचून ठेवावा. पत्र आल्यावर वाचू नये.

मुलांचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेल्या मुलाचा एक पालक भारतीय नागरिक असेल आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर ते मूल जन्मानेच भारतीय असते. आईचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून त्याला काही बाधा येत नाही. मूल परदेशात जन्मले असेल, तर त्याच्या जन्माची भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंद झाली पाहिजे. ही मुदत बाळंतपणाच्या धांदलीत निसटते, आणि मग वेगळी परवानगी मागावी लागते. आईवडील दोघेही परदेशी असून दोघांनीही अर्ज करावयाचा असेल, तर अल्पवयीन मुलांच्या नोंदणीचा अर्ज कधी करावयाचा हे आधी ठरवून घ्यावे. नाही तर एकाच घरात आईवडील एका देशाचे आणि मुले दुसऱ्या देशाची, अशी विसंगती काही काळ निर्माण होते.

आतापर्यंत पगारदार माणसाचे घर डोळ्यांपुढे ठेवले. परंतु नागरिकत्वाची ओढ ज्यांना अधिक तीव्र आहे, अशी घरे बहुधा हातावर पोट असणाऱ्यांची असतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याणजवळच्या छावण्यांतून उल्हासनगर उभे केले. सिंधमधून माणसे येण्याचा तो ओघ पुढेही पूर्णपणे थांबला नाही. अशा कुटुंबांची सोय व्हावी म्हणून २०१६ साली केंद्र सरकारने काही निवडक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना ठराविक अर्जदारांच्या बाबतीत थेट नोंदणीचे अधिकार दिले. त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे जिल्हे होते. दिल्लीपर्यंतचा कागदाचा प्रवास वाचला, की दुकानातील नोकराचे किती दिवसांचे वेतन वाचते, हे त्याच्या घरीच विचारावे. २०१९ च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती अर्जदारांसाठी देशीयकरणाची अकरा वर्षांची अट पाच वर्षांवर आणली. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. धर्माच्या आधारे केलेल्या या भेदावरून तीव्र मतभेद झाले, आणि दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. तो वाद वेगळा. परंतु कोणत्याही तरतुदीखाली अर्ज करणाऱ्या मजुराला प्रत्येक फेरीसाठी एक दिवसाची मजुरी मोजावी लागते, ही गोष्ट सर्वांना समान आहे. एका फेरीत पुरे होणारे काम तीन फेऱ्यांत करावयास लावणारी कचेरी त्याच्यावर नकळत दंड बसवीत असते.

हाच हिशेब उलट दिशेने करणारी मराठी घरेही आज थोडी नाहीत. अमेरिकेत स्थायी निवासाचा परवाना मिळालेल्या माणसाला साधारणतः पाच वर्षांनंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. त्या पाच वर्षांत किमान तीस महिने त्याने प्रत्यक्ष तेथे काढलेले असावे लागतात, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ सलग बाहेर राहिल्यास वास्तव्याचे सातत्य तुटल्याचे गृहीत धरले जाऊ शकते. सोलापुरात अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ मुलगा पाचव्या महिन्यानंतर अस्वस्थ होऊन तारखा मोजू लागतो, त्याचे कारण पुष्कळदा हे असते. त्याच्या भावंडांनी याला कोरडेपणा समजू नये. तेथील शपथ घेतली की १९५५ च्या अधिनियमाप्रमाणे त्याचे भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. परदेशस्थ भारतीय नागरिक या नावाचे जे कार्ड नंतर मिळते, त्याने येणे-जाणे व राहणे सुलभ होते. मतदानाचा हक्क मिळत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेत वारसाने येऊ शकते. शेजारचा तुकडा खरेदी करता येत नाही. ज्या घरात अशा जमिनीचे वाटप व्हावयाचे आहे, त्याने याचा विचार शपथेआधी करावा.

एवढे सायास करून माणसे नागरिकत्व का घेतात, असा प्रश्न कोणी विचारील. महाराष्ट्रातील दोन ठळक उदाहरणे पुरेशी आहेत. जन्माने अमेरिकन असलेल्या गेल ऑम्वेट सांगली जिल्ह्यातील कासेगावी स्थायिक झाल्या, महात्मा फुल्यांच्या परंपरेचा आणि बहुजनांच्या चळवळींचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला, आणि १९८३ साली त्या भारतीय नागरिक झाल्या. फलटण येथे प्रगत शिक्षण संस्था उभारणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनीही अमेरिकेतून येऊन हाच मार्ग धरला. या व्यक्तींचे काम नागरिकत्वाच्या दाखल्यावाचूनही मोठेच ठरले असते. पण परदेशी माणसाचे येथील राहणे परवान्याच्या तारखेवर अवलंबून असते, आणि नागरिकाचे तसे नसते. गावच्या प्रश्नावर उघडपणे बोलावयाचे, मत द्यावयाचे, निवडणुकीला उभे राहावयाचे, तर त्याला नागरिकच असावे लागते. आपल्या घटनेने राष्ट्रपतिपदासाठीही जन्माने नागरिक असण्याची अट घातलेली नाही. अर्जाने नागरिक झालेल्याला तेथवरचा मार्ग मोकळा आहे.

याच कारणाने अर्जातील सचोटीला विशेष मोल आहे. दिवस कमी पडतात म्हणून एखादा प्रवास लपविण्याचा मोह होतो. खोटी माहिती देणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाला किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या दंडाला, किंवा दोहोंनाही, पात्र ठरविणारा गुन्हा आहे. आणि फसवणुकीने मिळविलेले नागरिकत्व पुढे केव्हाही काढून घेतले जाऊ शकते. चार महिने थांबून केलेला खरा अर्ज हा घाईने केलेल्या खोट्या अर्जापेक्षा प्रत्येक घराला स्वस्त पडतो.

अर्जाची तयारी करणाऱ्या घराने, तेव्हा, एके दिवशी एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्यात: बारा महिने केव्हा सुरू करावयाचे, त्या काळात परदेशी आईवडिलांकडे कोण लक्ष देणार, कोणाची रजा कशासाठी राखावयाची, आणि कागदांची पेटी कोणाच्या ताब्यात राहणार. पेटी सांभाळणारा एकच असावा, पण ती कोठे आहे हे सर्वांना ठाऊक असावे.

निष्ठेची शपथ झाली, प्रमाणपत्र हाती आले, की पहिले काम मतदार नोंदणीचे. आता त्यासाठी वर्षभर थांबावे लागत नाही. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा नोंदणीसाठी ग्राह्य धरल्या जातात. मतदार यादी घरक्रमांकाप्रमाणे लावलेली असते. इतकी वर्षे ज्या घरक्रमांकापुढे पतीचे आणि सासूचे अशी दोनच नावे छापली जात होती, तेथे नव्या यादीत तिसरे नाव येते. ते नाव नीट लिहिले गेले आहे की नाही, हे यादी प्रसिद्ध होताच तपासून घ्यावे.